आर१५ साधी घेऊ का एम? मानेवाड्याच्या भावाला उत्तर

नागपूरच्या मानेवाड्यातून आलेलं पत्र लांबलचक आहे, त्यातलं कामाचं तेवढं आधी टाकतो म्हणजे बाकीच्यांनाही विषय कळेल.

"भाऊ, वय २३, मानेवाड्याला राहतो, बुटीबोरीला जॉब आहे, रोज वर्धा रोडनं अपडाउन. यामाहा आर१५ घ्यायची हे फायनल आहे. शोरूममध्ये दोन दाखवल्या, लाल साधी आणि सिल्व्हर एम. एक्स-शोरूम सोळा हजाराचा फरक, ऑनरोड अठरापर्यंत जाते. साधीचं माझं जमून राहिलं, डाउन पेमेंट आणि थोडंसं लोन. एम घेतली तर वरचे सगळे लोनमध्येच टाकावे लागतील. मित्र म्हणतात, अबे क्विकशिफ्टर आहे, कलर डिस्प्ले आहे, बेस काहून घेतं. बाबा म्हणतात इंजिन एकच आहे तर पैसे कशाचे देऊन राहिला. सेल्समन म्हणते एमची रिसेल चांगली येते. रविवारी रामटेक, पेंच होत राहते, एकदा पचमढी करायची आहे आणि समृद्धीवर टॉप एंड पाहायचा आहे. दर आठवड्याला आईला मेडिकलमध्ये (सरकारी दवाखान्यात) न्यावं लागते, तेही याच गाडीवर होईल. तुम्हीच सांगा."

समृद्धीचं आधी निपटवून टाकू. तिथं टू-व्हीलरला एन्ट्रीच नाही भाऊ. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी सुरू झाला तेव्हापासून नाही. तू एम घे, साधी घे नाहीतर हायाबुसा घे, टोल नाक्यावरून परत फिरवतील. आणि टॉप एंड, म्हणजे गाडीचा सगळ्यात जास्त वेग, पाहायचाच असेल तर तो पब्लिक रोडवर पाहायचा नसतो, त्याला ट्रॅक लागतो, आणि ट्रॅक म्हणजे चेन्नई, कोइम्बतूर नाहीतर ग्रेटर नोएडा. म्हणजे तुझ्या हिशोबातून हा मुद्दा गेला. बरंच झालं, कारण एमच्या बाजूनं तुझ्या मित्रांचं निम्मं बोलणं त्याच्यावरच उभं आहे.

आता बाबांचं. बाबा बरोबर बोलून राहिले. १५५ सीसीचं लिक्विड कूल्ड इंजिन दोन्हीत तेच, १०,००० आरपीएमला १८.४ पीएस आणि ७,५०० ला १४.२ न्यूटन मीटर टॉर्क, सहा गिअर, असिस्ट-स्लिपर क्लच. फ्रेम तीच, समोरचे उलटे फोर्क तेच, पुढची २८२ मिमीची डिस्क तीच, मागचा १४० चा रेडियल टायर तोच, ड्युअल चॅनल एबीएस दोन्हीत, ट्रॅक्शन कंट्रोल दोन्हीत, टाकी ११ लिटर, सीटची उंची ८१५ मिमी. सिग्नल सुटल्यावर दोघं शेजारी निघाले तर पुढे तोच जाईल ज्याचं वजन कमी आहे किंवा ज्यानं क्लच नीट सोडला. एम म्हणून एक घोडा जास्त नाही.

आणि हो, मीटरमध्ये 'ट्रॅक' आणि 'स्ट्रीट' असं जे काही दिसतं ना, त्यावर पोरं लई भाव खातात, ते फक्त मीटरचं तोंड बदलतं. ट्रॅकवर टाकलं की आरपीएम, लॅप टायमर वगैरे पुढे येतं. इंजिनला त्याचा पत्ताही नसतो. आणि ते साधीतही आहे.

मग एममध्ये जास्तीचं काय? तर क्विकशिफ्टर (क्लच न दाबता गिअर टाकायची सोय), रंगीत टीएफटी डिस्प्ले, त्यात मोबाईल जोडला की नेव्हिगेशन आणि गाण्यांचा कंट्रोल, वेगळा रंग आणि एमचा बिल्ला. हे सगळं एकदम नाही आलं. सप्टेंबर २०२१ ला व्ही४, म्हणजे आर१५ ची चौथी पिढी, आली तेव्हा लाल होती दिल्ली एक्स-शोरूम १,६७,८०० ला आणि एम १,७७,८०० ला. बरोब्बर दहा हजाराचा फरक, आणि तेव्हा एमचा डिस्प्लेही साधाच एलसीडी होता. टीएफटी आला २०२३ मध्ये. २०२४ मध्ये नेव्हिगेशन आणि गाणी आली, आणि त्यासोबत एक 'कार्बन फायबर' एम पण आली, २,०८,३०० ला, जेव्हा ग्रे कलरची एम होती १,९८,३०० ला. म्हणजे दहा हजार कशाचे, तर पॅटर्नचे. त्या बॉडीत कार्बन नाही बरं का, पॅनल तेच प्लास्टिकचे, वरती पाण्यात बुडवून चढवलेलं डिझाईन आहे. कंपनीनंही 'पॅटर्न' असंच म्हटलंय, लपवलं नाही काही, आपणच तो शब्द वाचत नाही. खरी कार्बनची बॉडी पाहायची असेल तर ती यामाहाच्याच लिटरवाल्या (हजार सीसीच्या) आर१एम वर असते.

तुला कार्बनवाली दाखवली नाही हे एक बरं. नाहीतर पत्रात तीन गाड्या असत्या.

आता क्विकशिफ्टरवर येऊ कारण माझ्या मते अठरा हजारात खरी वस्तू तेवढीच आहे, बाकी सगळं पाहायचं आहे आणि हे वापरायचं आहे. गिअर लिव्हरच्या रॉडवर एक सेन्सर असतो. थ्रॉटल उघडा ठेवून तू पायाच्या अंगठ्यानं लिव्हर वर उचलायला लागलास की सेन्सर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, कळवतो, ईसीयू डोळ्याची पापणी लवायच्या आत इंजिनची ताकद क्षणभर तोडतो, गिअरच्या दातांवरचा ताण सुटतो आणि पुढचा गिअर बसतो. क्लच दाबायचा नाही, थ्रॉटल सोडायचा नाही. नीट जमलं की एक बारीकसा 'टक्' येतो आणि गाडी खेचतच राहते. हे भारी वाटतं, खोटं काहून बोलू. पहिल्यांदा ज्यानं केलं तो हेल्मेटमध्ये हसतोच.

पण हे कुठं भारी वाटतं ते ऐक. वर, म्हणजे ७,००० च्या पुढे, जिथं या इंजिनचं व्हीव्हीए (व्हॉल्व्हची चाल बदलणारी यंत्रणा) उघडतं, साधारण ७,४०० ला, आवाज बदलतो, आणि तू पूर्ण थ्रॉटलवर आहेस. खाली ३,०००-४,००० ला हळू थ्रॉटलवर तोच गिअर टाकून पाहा, गाडी मान हलवते, झटका बसतो, मागे कोणी बसलं असेल तर त्याचं हेल्मेट येऊन तुझ्या हेल्मेटवर आदळतं. आणि आर१५ चा क्विकशिफ्टर फक्त वर जायचा आहे. खाली येताना क्लच लागणारच, तो काही सुटत नाही.

आता तुझा रस्ता घे. मानेवाडा रिंग रोडनं छत्रपती चौक, तिथपर्यंत सकाळी साडेआठला तू दुसऱ्या-तिसऱ्याच्या वर जातच नाहीस, ऑटो, स्कूल व्हॅन, मधेच यू-टर्न मारणारा एखादा काका, सगळा डावा हात क्लचवर आणि दोन बोटं ब्रेकवर. वर्धा रोडला लागलास की चिंचभवनपर्यंत पुन्हा तेच. खापरी सोडली की रस्ता मोकळा होतो, जामठ्याच्या स्टेडियमला मॅच नसेल तर, आणि तिथून बुटीबोरीपर्यंत तू सहाव्या गिअरला बसून राहणार, कारण हायवेवर ट्रकच्या मागं-पुढं सत्तर-ऐंशीनं जाताना गिअर बदलायचं कामच काय. म्हणजे अख्ख्या अपडाउनमध्ये क्विकशिफ्टर जिथं खरंच चालतो असे प्रसंग एका हाताच्या बोटावर मोजण्याइतके, आणि जिथं गिअर सारखे बदलावे लागतात तिथं तो चालवू नये असा.

रविवारचं वेगळं आहे. रामटेकपर्यंतचा रस्ता सरळसोट, गडावर चढतानाचे चार वळण सोडले तर. पेंचकडे मनसर, खवासा करत जाशील तर एनएच ४४ आहे, सुंदर रस्ता आहे, जनावरांसाठी खालून रस्ता सोडून वर जे लांब पूल बांधलेत त्याच्यावरून जाताना छान वाटतं, पण तिथंही सहावाच. क्विकशिफ्टरला खरा घास मिळतो पचमढीच्या वाटेवर. सौंसर सोडलं की छिंदवाड्याच्या आधी सिल्लेवानीची घाटी लागते, तिथं चढावर दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा असं सारखं करावं लागतं, वळणातून बाहेर निघताना गाडी थोडी वाकलेली असते, अशा वेळी क्लच न दाबता गिअर पडला की गाडी डगमगत नाही, लाईन सुटत नाही. चिखलदऱ्याला परतवाड्यावरून चढताना पण तसंच. तू असं वर्षातून कितीदा जाशील ते तूच ठरव, मी काही म्हणत नाही, पण पत्रात तू स्वतःच "एकदा" लिहिलंय.

तरीही मला विचारशील तर क्विकशिफ्टर ही नको म्हणायची वस्तू नाही. स्पोर्ट बाईक आपण गरज म्हणून घेतच नाही ना, गरज असती तर तू शाईन घेतली असती आणि बाबांनी पेढे वाटले असते. त्यामुळे "याची गरज काय" हा प्रश्न मी तुला विचारणार नाही, तो विचारला तर अख्खी आर१५ च उडते. माझा प्रश्न एवढाच आहे की हौसेचे पैसे ज्या हौसेसाठी देतोस ती तुला मिळून राहिली का दुसरंच काही.

डिस्प्लेचं पटकन सांगतो. टीएफटी छान आहे, रात्री तर फारच छान. पण तू रोज हायवेनं त्याच रस्त्यानं जातोस, नेव्हिगेशन कशाला? आणि जिथं लागेल, छिंदवाड्याच्या पुढं, तिथं मोबाईल माउंटला लावला की मोठा नकाशा दिसतो. गाण्याचा कंट्रोल, अरे बाप्पा, गाडी चालवताना कानात गाणी लावूच नको. राहिली गोष्ट नागपूरच्या उन्हाची. तुमच्या कंपनीची पार्किंग उघड्यावर असेल तर मे महिन्यात दुपारभर ४५-४६ डिग्रीत गाडी उभी राहणार, आणि सीटपासून मीटरपर्यंत सगळं तापणार. मीटर कुठलंही असो, त्याच्यावर एक कपडा टाकायची सवय लाव. आणि घ्यायच्या आधी पार्ट काउंटरला जाऊन दोन्ही मीटरची किंमत विचारून ये, फेअरिंगची पण, कारण पडल्यावर पहिलं तेच जातं. सेल्स टेबलावर विचारू नको, पार्ट काउंटरवर विचार, तिथला माणूस कॉम्प्युटरमध्ये पाहून आकडा सांगतो, त्याला गाडी विकायची नसते.

काही गाड्यांमध्ये वरचं व्हेरिएंट घ्यावंच असं मी छातीठोक सांगतो, तो फरक समजून घे. टीव्हीएसच्या अपाचे आरआर ३१० ला २०२१ पासून बिल्ट टू ऑर्डर किट मिळतात. डायनॅमिक किट घेतलं की पुढचं-मागचं सस्पेन्शन ॲडजस्टेबल होतं, म्हणजे तुझ्या वजनाला, तुझ्या रस्त्याला गाडी लावून घेता येते. रेस किट घेतलं की हँडल खाली येतं आणि फूटपेग वर जातात, बसायची पद्धतच बदलते. वर मोठ्या गाड्यांत डुकाटीची पानिगाले व्ही४ घे, साधी आणि 'एस', तर एसमध्ये ओहलिन्स या सस्पेन्शनवाल्या कंपनीचं इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन आणि हलकी फोर्ज्ड चाकं येतात. यामाहाचीच आर१एम घे, तिथंही ओहलिन्सचं इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन. चाक, सस्पेन्शन, ब्रेक, टायर, म्हणजे रोडला जे चिकटलेलं आहे त्यात फरक असेल तर पैसे टाकावे, कारण ते नंतर बाहेरून लावायला गेलं की दुप्पट-तिप्पट जातात आणि वॉरंटीचीही भानगड होते. आर१५ मध्ये या चारपैकी एकातही फरक नाही. एम हे अक्षर वरच्या आर१एम वरून खाली आलं, त्याच्यासोबत सस्पेन्शन काही आलं नाही.

आता पैसे. एक्स-शोरूम सोळाचा फरक ऑनरोड अठरा कसा होतो तर महाराष्ट्रात ९९ ते २९९ सीसीच्या पेट्रोल टू-व्हीलरला ११ टक्के रोड टॅक्स लागतो, तो किमतीवर लागतो, म्हणून १६,००० वर १,७६० टॅक्सचेच झाले. इन्शुरन्समध्ये थर्ड पार्टीचा भाग सीसीवर ठरतो, १५० ते ३५० चा एक स्लॅब आहे, तो दोन्हीला सारखाच, नवीन गाडीला पाच वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग किमतीवर ठरतो, तो एमला थोडा जास्त. झाले अठरा. हे अठरा हजार तीन वर्षांच्या लोनमध्ये साडेदहा टक्क्यांनी टाकलेस तर महिन्याला ५८५ च्या आसपास आणि एकूण २१ हजार. महिन्याचे ५८५ म्हणजे काही आभाळ कोसळत नाही, सावजीच्या दोन ताटाचे पैसे, मी त्याला घाबरवत नाही. पण तुझं पहिलं लोन आहे आणि पत्रात तू लिहिलंस की नोकरी अजून कन्फर्म व्हायची आहे. म्हणून शक्य तेवढं कमी लोन.

बाबांना एक सांग, २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ झाला. त्यांच्या डोक्यात जर दोन वर्षांपूर्वी शेजारच्या पोरानं सांगितलेली ऑनरोड असेल तर आताची पाहून ते जरा नरम पडतील. ३५० च्या वरच्यांना मात्र ४० टक्के लागला, त्यामुळे "थोडं थांबून डायरेक्ट मोठी घे ना" म्हणणारा जो एक मित्र प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच, त्याचं ऐकू नको.

रिसेल. हे सेल्समनचं आवडतं वाक्य आहे. सेकंड हँड घेणारा आधी काय पाहतो? कोणतं साल, किती किलोमीटर, फर्स्ट ओनर का, पडलेली का, एमएच ३१ का ४९ का बाहेरची. एम असेल तर चार पैसे जास्त देईल, हो देईल, पण तू दिलेले अठरा आणि वरचं व्याज परत देणार नाही. पाच वर्षं जुन्या गाडीत दोन व्हेरिएंटमधला फरक बराच मिटलेला असतो. गाडी विकायच्या भावावर घ्यायची असेल तर स्प्लेंडर घे.

आता उलट बाजू, कारण मी बाबांची वकिली करून राहिलो असं वाटायला नको. साधी घेऊन मन मारणारे पोरं मी पाहून राहिलोय. घेताना म्हणतात इंजिन एकच आहे, आणि सहा महिन्यांत त्याच गाडीवर एमसारखे स्टिकर, सोनेरी लिव्हर, मागचा टेल टायडी, टँक पॅड, आणि शेवटी तो सायलेन्सर. हिशोब लावला तर एमपेक्षा जास्त गेलेले असतात आणि गाडी कंपनीचीही राहिली नाही आणि एमही झाली नाही. सायलेन्सर तर अजिबात नको, ट्रॅफिकवाले पकडतात, काढून ठेवतात, आणि जमा झालेल्या सायलेन्सरवर रोलर फिरवतानाचे फोटो तू पेपरात पाहिलेच असशील. इथं न टाकलेल्या तुझ्या बाकी पत्रावरून वाटतं की क्विकशिफ्टरसाठी तू खरंच झुरतोयस, डिस्प्लेचा उल्लेख फक्त मित्रांच्या तोंडून आलाय, तू स्वतः एकदाही केला नाहीस. मी पत्र दोनदा वाचलं. म्हणून लाल घे असं मी सरळ म्हणत नाही. लाल घेतलीस तर सिल्लेवानीत तुला ते खुपेल.

मग? मग शोरूमवाल्यानं तुला दोनच का दाखवल्या ते विचार. व्ही४ आली तेव्हापासून तिच्यात एक तिसरी होती, रेसिंग ब्ल्यू. २०२१ मध्ये तिची किंमत १,७२,८००, म्हणजे लालपेक्षा पाच हजार जास्त आणि एमपेक्षा पाच हजार कमी, आणि तिच्यात क्विकशिफ्टर होता. एमचा बिल्ला नाही, टीएफटी नाही, पण तुला हवी ती एक वस्तू आहे. नागपुरात बहुतेक वेळा असं होतं की स्टॉकमध्ये जे उभं आहे तेच दाखवतात, बाकीच्याला "वेटिंग आहे" म्हणतात, महिना संपत आला असेल तर अजूनच. तू जा, या वर्षीचं ब्रोशर माग, त्यात कोणत्या रंगासमोर क्विकशिफ्टर लिहिलंय त्याच्यावर बोट ठेव आणि त्याचंच कोटेशन लेखी घे. तोंडी "सगळ्यात येतो सर" चालणार नाही. एका शोरूमला नसेल तर दुसऱ्या शोरूमला जा, वर्धा लाईननं जातोस तर वर्ध्याच्या डीलरलाही फोन करून पाहा. वेटिंग असेल तर थांब. इतके दिवस थांबलास, अजून थोडं.

लाल आणि ब्ल्यूमधला फरक २०२१ सारखा थोडाच असेल तर लोन एमएवढं वाढणार नाही, आणि जे वाचतील त्याचे ग्लोव्हज आणि आयएसआय मार्कचं फुल फेस हेल्मेट घे. पचमढीला जायच्या आधी जाळीचं जॅकेट पण. क्लिप-ऑन हँडलवर पुढं वाकून बसलं की पडताना पहिला हात टेकतो.

आणि आता आईचं, जे ना तुझ्या मित्रांनी विचारलं ना सेल्समननं. आर१५ ची मागची सीट वेगळी आहे, उंच आहे आणि हाताएवढी आहे. आईला त्याच्यावर मेडिकलला नेणार? साडी नेसून, एका बाजूला बसून, तुकडोजी पुतळ्यापासून मेडिकल चौकापर्यंतच्या गर्दीत? आणि तब्येतीसाठीच नेऊन राहिलास ना तू तिला. यात साधी, ब्ल्यू, एम, सगळ्या एकाच माळेचे मणी आहेत. आर१५एस नावाची एक आहे, जुन्या व्ही३ वरची, तिला एकसंध सीट आहे, २०२१ मध्ये ती १,५७,६०० ला आली होती, पण तिला उलटे फोर्क नाहीत आणि तुला ती आवडणार नाही हे मला इथूनच दिसून राहिलं. म्हणून घरात सध्या जी स्कूटर असेल ती एक्सचेंजमध्ये देऊ नको. एक्सचेंज बोनसचा कितीही मोठा बोर्ड लावलेला असो. पत्रात तू लिहिलं नाहीस की स्कूटर आहे, पण मानेवाड्यात घर आहे आणि स्कूटर नाही असं मला काही पटत नाही. खरंच नसेल तर मात्र आधी आईला शोरूममध्ये ने, उभ्या गाडीवर मागं बसव, आणि मग ठरव. टेस्ट राईड तूही घे, पण रिकाम्या रस्त्यावर चक्कर मारून येऊ नको, गर्दीच्या चौकातून आण, अर्धा तास मनगटावर वजन घेऊन पाहा.

डिलिव्हरीच्या दिवशी फॉर्म २१ वर (डीलर देतो ते विक्रीचं प्रमाणपत्र) गाडी बनल्याचा महिना आणि वर्ष पाहा, मागच्या वर्षीची निघाली तर डिस्काउंट माग नाहीतर बदलून माग. कोटेशनमध्ये 'हँडलिंग' किंवा 'लॉजिस्टिक' म्हणून काही लावलं असेल तर ते कशाचे आहेत ते लेखी द्या म्हण, लेखी मागितलं की ते बहुतेक वेळा आपोआप गळतात. इन्शुरन्स त्यांच्याकडूनच घ्यावा लागतो असं काही नाही, बाहेरचं एक कोटेशन खिशात ठेव. दोन्ही चाव्या मोजून घे. एक आज, एक नंबर प्लेटसोबत देतो म्हणाले तर चहा माग आणि तिथंच बसून राहा.